मापात पाप आणि यंत्रांचे बुद्धिबळ

ऑगस्ट २०२५ मध्ये एक गमतीची बातमी आली. माणसांशी गप्पा मारणाऱ्या, पत्रे आणि निबंध लिहून देणाऱ्या आठ कृत्रिम प्रज्ञांची बुद्धिबळ स्पर्धा गूगलच्या कॅगल या उपक्रमाने भरवली आणि अंतिम लढतीत ओपनएआयच्या ‘ओ३’ने एलॉन मस्क यांच्या कंपनीच्या ‘ग्रोक ४’चा ४-० असा धुव्वा उडवला. बातमी वाचून माझ्या परिचयाच्या एका पालकांनी विचारले, ‘‘मुलीच्या सरावासाठी आता हेच घ्यायचे का?’’ तिच्या फोनवर फुकट मिळणारे स्टॉकफिश नावाचे इंजिन या दोघांनाही सहज लोळवेल, एवढे उत्तर द्यायला फारसा विचार करावा लागला नाही. पण त्यांचा पुढचा प्रश्न अधिक खोल होता. ‘‘स्टॉकफिशच्या तरी डझनावारी आवृत्त्या आहेत म्हणतात. नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीपेक्षा खरेच चांगली, हे ठरवते कोण? आणि कशावरून?’’

हा प्रश्न केवळ बुद्धिबळापुरता नाही. नवा फोन, नवी मोटार, नवा क्लास, नवी कृत्रिम प्रज्ञा, सगळ्यांच्या जाहिरातीत आज कुठला ना कुठला आकडा असतो आणि ‘पूर्वीपेक्षा इतका सरस’ असा दावा असतो. तो आकडा आला कुठून, मोजला कोणी, कोणत्या अटींवर, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही. बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकांच्या जगात मात्र काही हौशी मंडळी गेली चाळीस वर्षे हाच प्रश्न धसास लावत आली आहेत. त्यांच्या याद्या, त्यांचे वाद आणि त्यांतून ठरत गेलेले नियम बुद्धिबळ न खेळणाऱ्यानेही समजून घ्यावेत असे मला वाटते.

रेटिंग म्हणजे वजन नव्हे

प्रथम हा आकडा काय सांगतो ते पाहू. मूळचे हंगेरीतले अर्पाड एलो हे अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत. ते स्वतः चांगले बुद्धिबळपटूही होते. त्यांनी तयार केलेली रेटिंगची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० साली आणि फिडे या जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. तिचे मर्म सोपे आहे. दोघांच्या रेटिंगमध्ये १०० चा फरक असेल तर वरचा खेळाडू शंभर डावांतून, बरोबरीचा अर्धा गुण धरून, साधारण ६४ गुण मिळवील. फरक २०० असेल तर ७६.

म्हणजे रेटिंग हे वजन किंवा उंचीसारखे नाही. निर्जन बेटावर एकट्या माणसाचे वजन करता येते, त्याला रेटिंग मात्र देता येत नाही. रेटिंग हे नाते आहे. कोण कोणाशी खेळला, यावर ते उभे असते. मॅग्नस कार्लसनचे सर्वोच्च रेटिंग २८८२, तेही २०१४ सालचे. संगणकांच्या याद्यांत आज पहिल्या इंजिनांपुढे साडेतीन हजारांहून मोठा आकडा दिसतो. या दोहोंची वजाबाकी करून मोकळे होणारे बरेच जण भेटतात. पण कार्लसनने आपला आकडा माणसांच्या गोतावळ्यात खेळून मिळवला आणि इंजिनांनी आपला इंजिनांच्या गोतावळ्यात. पूर्वी एका भागाची पायली दुसऱ्या भागात चालत नसे, तसेच हे आहे. इंजिने माणसापेक्षा कितीतरी बलवान आहेत यात शंका नाही. परंतु ‘नेमकी किती’ हे त्या वजाबाकीतून निघत नाही.

शिवाय माप स्वतःच हलते. फिडेने १ मार्च २०२४ पासून दोन हजारांच्या खालच्या सर्व खेळाडूंचे रेटिंग एकदाच वर उचलले. २००० पासून जितके अंतर, त्याच्या चाळीस टक्के भर घातली. १५०० चा खेळाडू एका रात्रीत १७०० चा झाला आणि १००० चा १४०० चा. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत त्या महिन्यात मुलांचे आकडे डाव न खेळता वाढले. मुलांचा खेळ तोच होता, बदलली ती पायली. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा आकडा शेजारी ठेवताना हे ध्यानात ठेवले नाही, तर कौतुकही चुकीचे होते आणि बोलणीही.

स्वीडनमधले हौशी लोक

संगणकांच्या बाबतीत हे काम प्रथम नेटाने हाती घेतले ते स्वीडनमधल्या बुद्धिबळ-संगणक संघटनेने. एसएसडीएफ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. १९८४ पासून ती आपली रेटिंग यादी प्रसिद्ध करत आली. सुरुवातीचे बुद्धिबळ-संगणक म्हणजे पट असलेली छोटी यंत्रे. दोन यंत्रे टेबलावर मांडायची, एकाने केलेली खेळी दुसऱ्यावर हाताने करायची, त्याच्या उत्तराची वाट पाहायची, ते पहिल्यावर करायचे. चाळीस खेळ्यांना दोन तास, असा स्पर्धेचा संथ वेळ. असे डावामागून डाव. हे काम करणाऱ्यांना कोणी पगार देत नव्हते.

या यादीत एक गोष्ट आवर्जून पाहण्यासारखी होती. इंजिनाच्या नावापुढे ते कोणत्या यंत्रावर चालवले, हेही छापलेले असे. पेंटियम ९० वर खेळणारे इंजिन आणि पेंटियम २०० वर खेळणारे तेच इंजिन या यादीत दोन वेगळ्या ओळी होत्या. कारण उघड आहे. यंत्राचा वेग दुप्पट झाला की इंजिन अधिक खोल विचार करते. त्या काळचा ढोबळ अंदाज असा, की वेग दुप्पट झाला तर रेटिंग ५० ते ७० ने वाढते. तेव्हा नवी आवृत्ती नव्या यंत्रावर आणि जुनी आवृत्ती जुन्या यंत्रावर खेळवली, तर जिंकले कोण? नव्या आवृत्तीचा कर्ता, की नवी चिप बनवणारा कारखाना? हे दोन हिशेब वेगळे ठेवणे ही निकोप तुलनेची पहिली पायरी होय.

याच मंडळींचा आणखी एक प्रामाणिकपणा सांगतो. त्यांची यादी आरंभी स्वीडिश खेळाडूंशी झालेल्या डावांच्या आधारे माणसांच्या रेटिंगशी जोडलेली होती. पुढे यादीतले आकडे माणसांच्या मानाने फुगलेले दिसतात असे त्यांना वाटले, तेव्हा २००० साली त्यांनी सगळ्यांचे रेटिंग सरसकट १०० ने उतरवले. आपल्याच मापात पाप शिरले असेल तर ते चारचौघांत दुरुस्त करणे, हे फार थोड्यांना जमते.

याउलट १९९७ ची ती गाजलेली लढत आठवून पाहा. न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच असे हरवले. जगभर मथळे झळकले. पण डाव झाले अवघे सहा आणि त्यानंतर ते यंत्र पुन्हा खेळले नाही. ते कोणत्याही यादीत आले नाही, त्याची परीक्षा दुसऱ्या कोणाला घेता आली नाही. इतिहासात त्या विजयाचे स्थान पक्के आहे. परंतु ‘डीप ब्लू किती बलवान होते?’ या प्रश्नाचे मोजलेले उत्तर नाही.

घड्याळ बदलले, विजेता बदलला

यंत्राइतकेच महत्त्व वेळेला आहे. जुलै १९९८ मध्ये इटलीतल्या इस्किया बेटावर आपला विश्वनाथन आनंद ‘रिबेल १०’ या डच इंजिनाशी आठ डाव खेळला. एकूण निकाल रिबेलच्या बाजूने ५-३ असा लागला. पण तो निकाल फोडून पाहिला की चित्र पालटते. पाच-पाच मिनिटांच्या चार डावांत रिबेल ३-१ ने पुढे. पंधरा मिनिटांच्या दोन डावांत दीड-अर्धा, पुन्हा रिबेलच पुढे. आणि स्पर्धेच्या पूर्ण वेळेच्या दोन डावांत आनंद दीड-अर्धाने विजयी! खेळाडू तेच, यंत्र तेच, पट तोच. फक्त घड्याळ बदलले आणि विजेता बदलला. मग श्रेष्ठ कोण? ‘किती वेळात?’ असे उलट विचारल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

इंजिनांच्या आवृत्त्यांचेही तसेच होते. एखादी आवृत्ती झटपट डावांत चमकते आणि लांबच्या डावांत तिची आघाडी आटते. म्हणून आजच्या याद्या वेळेप्रमाणे वेगळ्या असतात. एसएसडीएफनंतर नावारूपाला आलेल्या सीसीआरएल आणि सीईजीटी या स्वयंसेवकांच्या याद्या झटपट डावांचा आणि लांबच्या डावांचा हिशेब एकत्र कालवत नाहीत. स्वयंसेवक जगभर विखुरलेले, प्रत्येकाचा संगणक वेगळा. यावर सीसीआरएलने काढलेला तोडगा मला फार आवडतो. एक ठराविक संगणक प्रमाण मानायचा. आपला संगणक त्याच्या तुलनेत किती वेगवान हे आधी मोजायचे. ज्याचा संगणक वेगवान, त्याने डावाला वेळ त्या प्रमाणात कमी द्यायचा. श्रीमंताच्या घरी खेळलेला डाव आणि साध्या माणसाच्या घरी खेळलेला डाव अशा रीतीने एका पातळीवर येतो.

अटींचे महत्त्व सर्वांत ठळकपणे दिसले ते डिसेंबर २०१७ मध्ये. गूगलच्या डीपमाइंड कंपनीने ‘अल्फाझिरो’ जाहीर केले. केवळ नियम सांगून स्वतःशीच खेळत शिकलेल्या या प्रणालीने स्टॉकफिशच्या आठव्या आवृत्तीविरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. जग थक्क झाले. पण जाणकारांनी अटी वाचल्या आणि प्रश्न उपस्थित केले. प्रत्येक खेळीला बरोबर एक मिनिट, असा नियम होता. अवघड जागी थांबावे आणि सोप्या जागी पटकन खेळावे, हे स्टॉकफिशचे कसब त्यामुळे वाया गेले. तपासलेल्या स्थिती टिपून ठेवण्यासाठी इंजिनाला जी स्मरणवही लागते, ती ६४ धाग्यांवर चालणाऱ्या स्टॉकफिशला अवघी एक गिगाबाइटची दिली होती. शिवाय समोर ठेवलेली आवृत्ती वर्षापूर्वीची होती.

कंपनीने वर्षभरात उत्तर दिले, आणि ते वाद घालून नव्हे तर पुन्हा खेळून दिले. २०१८ च्या डिसेंबरात ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या निबंधात एक हजार डाव होते. प्रत्येकाला डावासाठी तीन तास आणि खेळीगणिक १५ सेकंद, स्टॉकफिशला ३२ गिगाबाइटची स्मरणवही. अधिक नव्या आवृत्तीशीही सामना झाला. मुख्य सामन्यात अल्फाझिरोने १५५ जिंकले, ६ हरले, बाकीचे ८३९ बरोबरीत. एलोच्या हिशेबाने मांडले तर पहिल्या सामन्यातली आघाडी सुमारे १०० ची होती आणि दुसऱ्या सामन्यातली सुमारे ५० ची. ही घट सगळीच अटींमुळे झाली असे म्हणता येणार नाही. पण विजेता कायम राहिला आणि विजयाचे माप निम्मे झाले, हे बोलके आहे. अल्फाझिरो श्रेष्ठ होतेच. अटी सुधारल्याने त्याचा मोठेपणा कमी झाला नाही. उलट त्यावर विश्वास ठेवता आला.

शितावरून भात

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. एका भांड्यात, एका आचेवर शिजलेल्या भाताच्या बाबतीत ते योग्यच आहे. बुद्धिबळाचे डाव मात्र एका भांड्यातले नसतात. अगदी तुल्यबळ असलेल्या दोघांतही दैवाचा भाग असतो. नाणे दहा वेळा उडवा. सात किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता १७ टक्के आहे, म्हणजे सहात एक. त्यामुळे ‘नव्या आवृत्तीने दहात सात मारले’ ही बातमी, खरे म्हटले तर, बातमीच नव्हे.

किती डाव पुरेसे? दोन जवळपास तुल्यबळ इंजिनांत निम्मे डाव बरोबरीत सुटतात असे धरले, तर १०० डावांनंतर काढलेले रेटिंग ५० ने वर किंवा खाली असू शकते. ही अनिश्चितता निम्मी करायची तर डाव चौपट लागतात. ४०० डावांनंतर ती २५, १६०० डावांनंतर १२ आणि १०,००० डावांनंतर ५ च्या आसपास येते. आता यावर घड्याळ लावून पाहा. एक डाव चार तास चालला, तर १६०० डावांना एका संगणकाचे सहा हजार चारशे तास, म्हणजे रात्रंदिवस नऊ महिने लागतील. चोख यादी करणारे म्हणूनच आपल्या आकड्यापुढे ‘अधिक-उणे इतके’ असा दुसरा आकडा छापतात, किती डाव झाले तेही छापतात. यादीत पहिला आणि दुसरा यांच्यात पाचचा फरक असेल आणि अधिक-उणे दहा असेल, तर ‘पहिला कोण’ हे यादीने सांगितलेलेच नसते. आपण मात्र क्रमांक वाचतो, शेजारचा अधिक-उणे वाचत नाही.

स्टॉकफिशची मंडळी तर याहून पुढे गेली आहेत. २००८ साली सुरू झालेले हे इंजिन सर्वांना खुले आहे. कोणीही त्यात सुधारणा सुचवू शकतो. मग सुधारणा खरी की भास, हे ठरवायचे कसे? २०१३ साली गॅरी लिन्सकॉट यांनी ‘फिशटेस्ट’ ही व्यवस्था उभी केली. जगभरचे स्वयंसेवक आपल्या संगणकाचा रिकामा वेळ तिला देतात. सुधारलेली आणि आधीची आवृत्ती एकमेकींशी हजारो डाव खेळतात, आधी झटपट आणि त्यात उत्तीर्ण झाली तर लांबचे. पुरेसा पुरावा जमेपर्यंत डाव चालू राहतात आणि कोणत्या पुराव्यावर थांबायचे हे खेळ सुरू होण्याआधी ठरलेले असते. हे महत्त्वाचे आहे. आपला माणूस पुढे असताना ‘झाले, थांबा’ म्हणण्याचा मोह कोणाला होत नाही?

घरातल्या घरात

तरीही एक फट राहतेच. नवी आवृत्ती स्वतःच्याच जुन्या आवृत्तीला जेवढ्या फरकाने हरवते, तेवढा फरक परक्या इंजिनांविरुद्ध सहसा दिसत नाही. दोघींचे विचार एकाच साच्यातले असतात. धाकटीला थोडे अधिक दिसते आणि नेमके तेच थोरलीला दिसत नाही. त्यामुळे धाकटी तिला वारंवार त्याच जागी पकडते. गल्लीतल्या भावंडांत मारलेले षटकार मैदानावर तसेच बसत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. म्हणून चांगल्या यादीत प्रत्येक आवृत्तीला नाना तऱ्हेच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळवतात आणि एका घराण्यातल्या डझनभर आवृत्त्यांनी यादी भरून जाऊ नये म्हणून फक्त सर्वोत्तम आवृत्त्यांचा तक्ता वेगळा देतात.

‘घराणे’ कोणते, हाही वादाचा विषय झाला. २०११ साली संगणकीय खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘रिब्का’ या चार वेळा जगज्जेत्या ठरलेल्या इंजिनाची विजेतेपदे काढून घेतली. त्यात ‘क्राफ्टी’ आणि ‘फ्रूट’ या इतरांच्या इंजिनांचे अंश असल्याचा निष्कर्ष तिने काढला होता. रिब्काचे कर्ते व्हासिक राइलिच यांनी तो अमान्य केला. वादाचा तपशील बाजूला ठेवू. पण यादीतली दोन नावे खरेच दोन आहेत का, हे तपासल्याखेरीज तुलनेला अर्थ नाही, हे त्यातून सर्वांना उमगले.

डावाची सुरुवात ही आणखी एक नाजूक जागा. पूर्वी इंजिनाबरोबर सुरुवातीच्या खेळ्यांचे पाठ केलेले पुस्तक येई. विशिष्ट प्रतिस्पर्ध्याला अडकवणारे सापळे त्यात घालून ठेवता येत, आणि एकदा जिंकलेला डाव जसाच्या तसा पुन्हा जिंकता येई. त्यात इंजिनाची कर्तबगारी किती आणि पुस्तक रचणाऱ्याची किती? आता तटस्थ पुस्तकातून सुरुवात दिली जाते आणि प्रत्येक सुरुवात दोनदा खेळवतात, एकदा एकाला पांढरी मोहरी देऊन, एकदा दुसऱ्याला. २०१० पासून चालत आलेल्या टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेतही हीच रीत आहे. अलीकडे इंजिने इतकी पक्की झाली की साध्या सुरुवातीतून बहुतेक डाव बरोबरीत सुटू लागले. तेव्हा मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या सुरुवाती निवडतात. कडू औषध दोघांनाही सारखेच, मग कोण सावरतो ते पाहायचे. म्हणूनच सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ आली तेव्हा तिच्या कर्त्यांनी हिशेब जोड्यांत सांगितला. अकराव्या आवृत्तीशी खेळताना ती डावांच्या जितक्या जोड्या हरते, त्याच्या किमान दहापट जिंकते.

सगळे प्रश्न सुटले आहेत असे मात्र नाही. २०१८ साली अवतरलेले ‘लीला’ हे इंजिन अल्फाझिरोच्या वाटेने जाणारे, ते खुलते ग्राफिक कार्डावर. स्टॉकफिश चालते साध्या प्रोसेसरवर. दोघांना ‘सारखे यंत्र’ द्यायचे म्हणजे काय द्यायचे? सारख्या किमतीचे? सारखी वीज खाणारे? कोणताही पर्याय निवडला तरी एकाला थोडे झुकते माप मिळणारच. अशा वेळी एकच करता येते. काय निवडले ते स्पष्ट लिहायचे, म्हणजे वाचणाऱ्याला आपला निर्णय घेता येतो.

नव्या याद्या, जुनी युक्ती

आता या सगळ्याचा आपल्या आजच्या जगण्याशी काय संबंध, ते पाहू. गप्पा मारणाऱ्या कृत्रिम प्रज्ञांच्याही याद्या आता निघतात. २०२३ साली सुरू झालेल्या ‘एलएम अरीना’ या यादीत लोकांना दोन अनामिक उत्तरे दाखवून आवडते निवडायला सांगतात आणि त्या कौलांवरून एलोच्या धर्तीचे रेटिंग काढतात. एप्रिल २०२५ मध्ये मेटा कंपनीची ‘लामा ४ मॅव्हरिक’ या यादीत एकदम दुसऱ्या क्रमांकावर आली. मग लक्षात आले की यादीत उतरलेली ती संवादासाठी खास घडवलेली ‘प्रायोगिक’ आवृत्ती होती. लोकांसाठी खुली केलेली आवृत्ती ती नव्हेच. कंपनीने बारीक अक्षरात तसे म्हटले होते. पण मथळ्यात फक्त क्रमांक राहिला. खुली आवृत्ती यादीत घेतली तेव्हा ती कितीतरी खाली गेली. यादी चालवणाऱ्यांनाही आपले नियम अधिक स्पष्ट करावे लागले.

बुद्धिबळाच्या याद्या वर्षानुवर्षे वाचणाऱ्याला यात नवे काहीच नाही. कोणती आवृत्ती, कोणते यंत्र, किती वेळ, किती डाव, कोणाशी, आणि आकड्याच्या अधिक-उणे किती, हे प्रश्न तिथे केव्हाच विचारून झाले आहेत. फरक इतकाच, की बुद्धिबळात डाव हरला की हरला. तिथे निकालावर मतभेद नसतात. ‘हे उत्तर चांगले’ म्हणण्यात आवडनिवड येते, लांबलचक आणि गोडगोड उत्तर भुरळ घालते. जिथे निकाल वादातीत आहे तिथेही निकोप तुलना करायला चाळीस वर्षे घाम गाळावा लागला, तर जिथे निकालच मतावर ठरतो तिथे आपण किती सावध असावे?

ही कृत्रिम प्रज्ञा उद्या आपल्या मुलांना शिकवणार आहे. रुग्णालयात आणि कचेरीत तिच्या सल्ल्याने काम होणार आहे. ती निवडताना शाळेच्या समितीपुढे, नगरपालिकेपुढे किंवा बँकेपुढे असाच एखादा तक्ता ठेवला जाईल आणि त्यात पहिल्या क्रमांकाखाली ठळक रेघ असेल. त्या वेळी टेबलाभोवतीच्या एकाने तरी विचारावे, की हीच आवृत्ती आम्हाला मिळणार आहे का, आणि ही परीक्षा घेतली कोणी? विक्रेत्याने स्वतःच घेतली असेल, तर तो घरातल्या घरात खेळलेला सामना समजावा.

हेच प्रश्न मुलांच्या आकड्यांनाही लावता येतात. ॲपवरचे रेटिंग आणि फिडेचे रेटिंग या दोन वेगळ्या पायल्या आहेत. तीन डाव हरल्याने ३० उतरले म्हणजे मूल मागे पडले असे होत नाही आणि एका स्पर्धेत ६० चढले म्हणजे क्लास बदलल्याचा गुण आला असेही नाही. ज्या यंत्रांना भूक लागत नाही, झोप येत नाही, परीक्षेची धास्ती वाटत नाही, त्यांची ताकद पारखायलाही शेकड्यांनी डाव लागतात. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकली, ती त्या स्पर्धेत रेटिंगच्या क्रमाने पहिली नव्हती. रेटिंग शक्यता सांगते. डाव पटावरच खेळावा लागतो.

या याद्या करणाऱ्या मंडळींचे मला विशेष वाटते ते यासाठी, की कोणते इंजिन जिंकावे याचा लाभ-तोटा त्यांना बहुतेक वेळा नसतो. एखादा शिक्षक, एखादा निवृत्त अभियंता रात्री झोपताना संगणक चालू ठेवतो आणि सकाळी उठून निकाल नोंदवतो. विजेचे बिल तोच भरतो. त्याच्या शेकडो डावांतून एखाद्या आवृत्तीच्या रेटिंगमधली अनिश्चितता वीसवरून अठरावर येते. एवढ्यासाठी एवढे कष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण बाजारात जो तो आपलीच तागडी घेऊन बसलेला असताना कोणीतरी वजने तपासणारा लागतो. तो फुकट काम करतो, म्हणून त्याचे काम स्वस्त समजू नये.